बाबी मत्स्यालयात गेली तेव्हा

किस्से आमच्या घरात रद्दीसारखे साठतात. मुद्दाम कुणी जमवत नाही. एक ठेवला की त्यावर दुसरा येऊन पडतो. मला रोजनिशी लिहायची सवय आहे, पण बहुतेक पानांवर ‘पाणी आलं नाही, ऑफिसला गेलो’ एवढंच असतं. नव्वदच्या आसपासच्या एका दिवाळीची पानं मात्र पाहुणे आले की हमखास मागितली जातात. मी ती वाचत नाही, नुसतं सांगतो. वाचायला लागलो की आमच्या सुमनताई, म्हणजे माझी पत्नी, मध्येच दुरुस्त्या करतात.

तर सुट्टी लागली की आमच्या पनवेलच्या गल्लीतली पोरं मुंबईचं मत्स्यालय बघायचं म्हणून हटून बसत. जायचं एस.टी.ने, रांगेत उभं राहायचं, आणि मासे बघून परत येईपर्यंत पोरं रडवेली, बाप चिडलेले. मोटारपंप दुरुस्त करणारा सुधाकर मोकल एकदा म्हणाला, “काका, मासे काय मुंबईलाच असतात? आपल्या गल्लीत घरोघरी टाक्या आहेत. त्या एका जागी मांडल्या की झालं मत्स्यालय.”

तुळशीचं लग्न लागेपर्यंत मुहूर्त नसतात, त्यामुळे गल्लीजवळचं मंगल कार्यालय रिकामंच होतं. ज्याच्या घरी टाकी, त्याने ती माशांसकट चार दिवस द्यायची असं ठरलं. टाक्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या मी लिहायच्या, कारण माझं अक्षर बरं.

*

माझी आत्या आमच्याकडेच राहायची. तिचा एक लाल गोल्डफिश होता. नाव बाबी. ती द्यायला आत्या तयार नव्हती. शेवटी मी शब्द दिला तेव्हा कबूल झाली, पण अटींवर.

“नऊला तिच्या अंगावरचा दिवा घालवायचा. खायला सकाळ-संध्याकाळ चिमूटभर. आणि शेजारी दांडगे मासे नकोत, ती एकटी वाढलीय.”

“बरं.”

“आणि बाळू, जशी नेलीस तशी परत आण. नाही आणलीस तर मी अलिबागला धाकट्या भावाकडे जाऊन राहीन.”

सुमनने माझ्याकडे बघितलं. ऐन दिवाळीत आत्या गेली असती तर आमच्या घरी अनारसा करू शकेल असं एकही माणूस उरलं नसतं.

बाबीची टाकी हातगाडीवरून गेली आणि बाबी स्वतः लोणच्याच्या बरणीतून, रिक्षाने, आत्याच्या मांडीवर. आत्या सारखी रिक्षावाल्याला सांगत होती, “सावकाश रे, तिला सवय नाही.” उतरल्यावर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “साहेब, म्हातारीला बरं नसेल तर दवाखाना पलीकडे आहे.”

*

पहिल्या दिवशी गर्दी चांगली झाली, पण लोक हलेनात. प्रत्येक कुटुंब आत शिरायचं आणि थेट आपल्याच टाकीपुढे जाऊन उभं राहायचं.

पलीकडच्या बिल्डिंगमधले पाटणकर सर, रिटायर्ड मुख्याध्यापक, सहकुटुंब आले होते. त्यांचाही एक लाल गोल्डफिश होता. त्याच्यासमोर सगळ्यांना उभं करून सरांनी फोटो काढला. मग वहिनींनी सरांचा काढला. मी म्हटलं, “सर, पुढे चला ना. पुढे एंजल आहेत, गुरामी आहेत.”

सर म्हणाले, “ते दुसऱ्यांचे आहेत.”

*

सगळ्यात जास्त गर्दी मात्र सातव्या टाकीपुढे असायची. त्यातला मासा पहिल्याच संध्याकाळी सुस्तावला म्हणून मालक त्याला घरी घेऊन गेला होता. टाकीत राहिलं पाणी, शेवाळ आणि एक मातीचा किल्ला. चिठ्ठी काढायची राहून गेली.

लोक काचेला नाक लावून मासा शोधायचे. एक आजोबा नातवंडांना सांगत होते, “किल्ल्याच्या मागे आहे. मला शेपूट दिसली.”

“कुठल्या रंगाची, आजोबा?”

“ते तुम्ही शोधायचं.”

मी सुधाकरला म्हटलं, टाकी उचलू या. तो म्हणाला, “काका, येडे झालात का? हीच तर चाललीय.”

*

सुधाकरची आई कोन गावाहून खास मुलाचं मत्स्यालय बघायला आली. सगळ्या टाक्या तिने शांतपणे पाहिल्या. सुधाकर मागे मागे. शेवटी त्याने विचारलं, “कसं वाटलं, आये?”

“बरा हाय. ह्यांचा पानी रोज बदलता?”

“दिवसाआड.”

“आमच्याकडं चार दिस नल नाय,” ती म्हणाली. “सुद्या, एक चिट्टी माज्या नावाची पन लिव. मीबी ऱ्हाते टाकीत.”

*

पहिल्याच रात्री पाटणकर सरांची टाकी गळायला लागली. सुधाकरने त्यांचा मासा उचलला आणि बाबीच्या टाकीत सोडला. दोन्ही लाल, दोन्ही वीतभराहून लहान. सकाळी कोण कुठला हे सुधाकरलाही सांगता येईना. फरक एवढाच की एक जाड होता आणि एक बारीक.

आत्या आली आणि जाड्याकडे बोट दाखवून म्हणाली, “बाबीला इथली हवा मानवली.”

सर आले आणि म्हणाले, “आमच्याकडे खाण्यापिण्याची आबाळ नसते. जाडा तो आमचा.”

“सर, ती बाबी आहे. मला बघून वळली.”

“आत्याबाई, तो सगळ्यांना बघूनच वळतो. दुसरीकडे जागा कुठाय त्याला?”

त्या दिवसापासून दोघंही सकाळ-संध्याकाळ येऊन जाड्याशी बोलायला लागले. आत्या त्याला रामरक्षा म्हणून दाखवायची. सर अंगठीने काच वाजवायचे. बारीक बिचारा कोपऱ्यात असायचा, त्याला कुणी विचारत नव्हतं. भाव खाणारा जाडा काचेपाशी आला की बघणारे हौसेने चकलीचा चुरा टाकायचे. ‘खायला घालू नये’ अशी चिठ्ठी मी ठळक अक्षरात लावली होती. ती वाचून लोक चुरा आणखी बारीक करून टाकू लागले.

*

चौथ्या दिवशी सकाळी जाडा उलटा होऊन तरंगत होता.

सुधाकरने दोघांनाही बोलावून घेतलं. आत्या आणि सर टाकीपुढे उभे राहिले. मग आत्या हळूच म्हणाली, “फार वाईट झालं, सर. तुमच्या मुलांना कसं सांगणार?”

“म्हणजे? गेली ती तुमची बाबी.”

“बाबी कशाला जाड असेल? पहिल्यापासून शेलाटी आहे ती.”

“काल तर जाडी म्हणजे बाबी होती.”

“आणि तुमचा होता ना जाडा? मग आता गेला तो तुमचाच की.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “दुरून तसं वाटलं होतं. आमचा बारीकच.”

माझ्याकडे दोघंही बघायला लागले. मला डोळ्यापुढे अलिबागची एस.टी. दिसत होती. सुधाकरने निकाल दिला, “दोघं एकमताने सांगेपर्यंत जिवंत मासा कार्यालयाच्या ताब्यात.”

*

आत्या घरी आली ती थेट स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने लसणाच्या फोडणीचा वास आला. सुमन आत डोकावून म्हणाली, “आत्या, दिवाळीत पिठलं?”

“आपल्याला नाही. सरांकडे पाठवायचंय. ज्यांच्याकडचं कुणी गेलंय त्यांच्या घरी चूल पेटवत नाहीत. शेजाऱ्यांनी पिठलं-भात पोचवावा अशी रीत आहे.”

डबा भरून तिने सुमनच्या हातात दिला. “काही बोलायचं नाही. द्यायचा, आणि ते जेवेपर्यंत तिथेच बसायचं.”

सुमन तासाभराने परतली. चिवडा, लाडू, शंकरपाळे खाऊन पाटणकरांकडे सगळे कंटाळले होते. पिठल्याचा वास येताच वहिनींनी ताटंच मांडली म्हणे. सरांनी बुक्कीने कांदा फोडला.

“जेवले?” आत्याने विचारलं.

“जेवले. सरांनी तर दोनदा मागून घेतलं.”

आत्या उठली. लोणच्याची बरणी स्वच्छ धुतली, पुसली आणि माझ्या हातात दिली.

“जा बाळू, बाबीला घेऊन ये. आणि सर काही म्हणायला लागले तर एवढंच विचार, पिठलं कसं झालं होतं.”