भाऊजींची अंगणातली बोट

आख्ख्या बीड जिल्ह्यात, पाण्याचा थेंब नसताना तीन वर्षं बोट दुरुस्त करत बसलेला माणूस एकच होऊन गेला, आणि तो नात्याने माझा धाकटा दीर होता. तुमच्या आजोबांचा सख्खा भाऊ. मी त्यांना भाऊजी म्हणायची, ते मला वहिनी. तुमच्यापैकी कुणीच त्यांना पाहिलेलं नाही. दिवाणखान्यातल्या मोठ्या फोटोत उजव्या कडेला मान तिरकी करून, कशाला तरी कान लावल्यासारखे जे गृहस्थ उभे आहेत, ते भाऊजी. तुमच्या आईने मागे फोनवर विचारलं होतं की, त्यांना ऐकू कमी येत होतं का? तसं नव्हतं. जरा जास्तच येत होतं.

भाऊजींना सहकाराचं वेड होतं. दूध सोसायटी, बियाण्यांची सोसायटी, ग्राहक भांडार, सगळीकडे ते सभासद. आमच्या घरात औषधाला मेंढी नव्हती, तरी ते लोकर सोसायटीचेही सभासद होते. जी गोष्ट दोन माणसं मिळून करतात ती ठरावाने करावी, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि हे मत ते घरातही पाळत. दुपारी ओट्यावर बसून ते मोठ्याने म्हणत, "आज पिठलं व्हावं, आसा ठराव मी मांडतो." आतून माझी धाकटी जाऊ, म्हणजे त्यांची बायको, चुलीपुढून "अनुमोदन" म्हणे. पिठलं तिने आधीच टाकलेलं असे, ती गोष्ट वेगळी. मग भाऊजी "सर्वानुमते मंजूर" म्हणून हात धुवायला उठत. एकदा तुमच्या आजोबांनी गंमत म्हणून "माझा विरोध" असं म्हटलं, तर भाऊजी ताटावर बसेनात. आजोबांनी विरोध मागे घेतला तेव्हा कुठे त्यांनी घास उचलला. एकमताशिवाय त्यांना अन्न अळणी लागायचं.

जाऊ कमी बोलणारी होती. तिचं माहेर आमच्या गावासमोरच, नदीच्या पलीकडे. लग्न झालं तेव्हा ती उन्हाळ्यात पदर खोचून नदी पायी ओलांडायची. पुढे धरण झालं आणि मधे पाणी पसरलं. रस्त्याने जायचं तर दोन एसट्या बदलून अर्धा दिवस मोडे, बोटीने जेमतेम अर्धा तास. बोट मच्छीमार सोसायटीची होती, सरकारी योजनेतून आलेली, पांढऱ्या फायबरची, दहाबारा माणसं बसतील एवढी. मासे धरणारी भोयांची घरं चांगली कष्टाळू, पण त्यांना अर्ज लिहिणारा माणूस हवा होता. म्हणून त्यांनी भाऊजींना सचिव केलं. भाऊजींना पोहता येत नव्हतं आणि घरात मासा शिजलेला चालत नव्हता. दोन्ही गोष्टी त्यांनी सभेत प्रामाणिकपणे सांगितल्या होत्या. तरी ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

मग तो दुष्काळ आला. धरणाचा तळ उघडा पडला आणि काठावर जनावरांची चारा छावणी लागली. टँकर यायचा, पण पाणी ओतायला हौद नव्हता. भाऊजींची नजर चिखलात कलंडलेल्या बोटीवर गेली. "जे पानी भायेर ठिवतंय, ते आत बी ठिवंल," ते म्हणाले. बोटीतल्या बैठका स्क्रू काढून उचलल्या, टँकरचा पाईप आत सोडला, आणि दोन उन्हाळे छावणीतल्या म्हशी बोटीत तोंड घालून पाणी प्यायल्या. आष्टीपर्यंतचे लोक बघायला आले. भाऊजींच्या अभिनंदनाचा ठराव झाला, हारही घातला. बैठकांच्या स्क्रूंची भोकं मात्र डेकमध्ये तशीच उघडी राहिली. डेक म्हणजे बोटीतली पाय ठेवायची फळी. तिच्याखाली बोटीच्या लांबीभर लाकडाचे वासे असतात, त्यांच्यावरच सगळा भार असतो. फायबर कुजत नाही, पण आतलं लाकूड कुजतं. त्या भोकांतून झिरपलेलं पाणी खाली वाशांत जाऊन बसलं, आणि त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. आमच्याकडे पाण्याचं एवढं अप्रूप, की पाण्याने काही बिघडू शकतं हे कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर चांगली शिकलेली.

पुढे पाऊस झाला, धरण भरलं. बैठका परत बसवल्या, वरून नवा रंग दिला. भाऊजींनी काठावर गाव जमवून वाचून दाखवलं की बोट तपासली असून ती सुस्थितीत आहे. सगळ्यांनी हात वर केले, भाऊजींनी सही केली. पहिल्याच खेपेला जाऊ माहेरी निघाली. पाण्याच्या मध्यावर ती जरा उठून उभी राहिली, आणि तिचा उजवा पाय डेकमधून मांडीपर्यंत आत गेला. बोट बुडाली नाही, पण पाय मोडला. हाड जुळलं ते वाकडं जुळलं. तेव्हापासून ती एका अंगाला कलून चालायची.

ती भाऊजींना एका शब्दाने बोलली नाही. रागावली असती, चार भांडी आपटली असती, तर मला वाटतं ते सुटले असते. ती फक्त बोटीत पुन्हा बसली नाही. माहेरी जायचं तर एसटीने, आणि एसटीत कंबर धरायची म्हणून मग तेही सुटलं. भाऊजींना तेव्हापासून प्रत्येक गोष्ट वाजवून बघायची सवय लागली. बोटाच्या पेराने टक टक करायचं आणि मान तिरकी करून ऐकायचं. युसूफ वडगावच्या बाजारात कलिंगड वाजवणं आपण समजू शकतो. पण ते डॉक्टरांचं टेबल वाजवत, एसटीची पायरी वाजवत, माझं नवं लोखंडी कपाट त्यांनी चारी बाजूंनी वाजवलं. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो, तिथे मांडलेला पाट त्यांनी बसायच्या आधी उलटा करून वाजवला. मुलीच्या वडिलांचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

पुढच्याच वर्षी पाऊस पुन्हा गेला. धरण आटलं, मासे संपले, भोयांच्या घरांतली माणसंसुद्धा शिरूर कासारकडच्या टोळ्यांबरोबर ऊस तोडायला गेली. उरलेल्यांनी बोट भंगारात द्यायचं ठरवलं. तेव्हा भाऊजींनी आयुष्यात पहिल्यांदा एका ठरावाला विरोध केला, आणि उसाच्या ट्रॉलीवर घालून बोट आमच्या अंगणात आणली. त्यांचा बालमित्र, पारावर बसणारा, म्हणाला, "काय बे, आता पाऊस तुज्या आंगनात पडनार व्हय?" भाऊजी म्हणाले, "पडंल तवा पडंल. लाकूड तर वाळंल." आणि ते खरंच होतं. लाकूड वाळवायला आमच्या उन्हाळ्यासारखी भट्टी नाही.

त्यांनी बोट वाळूच्या पोत्यांवर ठेवली. आतले वासे काढल्यावर बोटीला पीळ पडू नये म्हणून ती अगदी समतल बसवावी लागते. त्यासाठी गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी त्यांनी आणली, पाणी भरून लेव्हल बघायची. गाव टँकरमागे धावत होतं त्या दिवसांत त्या नळीत तांब्याभर पाणी जायचं. काम झालं की भाऊजी ते थेंबन् थेंब तुळशीत ओतत. मग त्यांनी डेक कापून उचलला. खालचे वासे भिजवलेल्या तंबाखूसारखे झाले होते. करवत लागलीच नाही, त्यांनी ते जाऊच्या उलथन्याने खरवडून काढले. सगळ्या गावाच्या विहिरी कोरड्या होत्या आणि त्या लाकडातून अजून पाणी निथळत होतं. भाऊजींनी त्याची एक मूठ घेतली, पिळली, आणि बराच वेळ तशीच धरून बसले. जाऊ उंबऱ्यात उभी होती. तिने बघितलं आणि आत गेली.

नवे वासे आले ते आमच्या गोठ्याचे. जनावरं विकून झाली होती, गोठा रिकामा होता, त्याचं सागवान तीस वर्षं वाळलेलं. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात, आमचे वासे बोटीत गेले. रेझिनचे, म्हणजे फायबर सांधायच्या डिंकासारख्या द्रवाचे, डबे त्यांनी शहरातून मागवले, आणि त्यांच्यावरचं सगळं इंग्रजीत. "वैनी, तुमचं इंग्रजी आता तरी कामाला यिऊ द्या," असं म्हणत ते माझ्याकडे आले. मी हैदराबादला इंग्रजी शाळेत शिकले, पण या गावात त्या इंग्रजीचा उपयोग तारा वाचायला आणि औषधाच्या बाटल्या ओळखायला, एवढाच झाला होता. मी सगळ्या सूचना मराठीत करून, क्रमांक घालून, पुठ्ठ्यावर लिहिल्या आणि पुठ्ठा लिंबाच्या झाडाला टांगला. पहिली सूचना होती: एका वेळी थोडंच कालवावं. पण वाटीवाटीने काम करणं सहकारी माणसाला पटणार कसं? त्यांनी आख्खी बादली एकदम कालवली, तीही वैशाखात, भर दुपारी. बादलीतून धूर निघायला लागला. बघता बघता आतलं सगळं दगड झालं आणि ब्रश त्यात उभाच्या उभा अडकला. भाऊजींनी ब्रश ओढला तर बादली हातात आली. जाऊ त्या दिवशी पदराआड हसली. मी बघितलं, आणि भाऊजींनीही बघितलं. त्यानंतर ते पहाटे उठून वाटीवाटीने काम करू लागले.

काचेच्या तंतूंचं कापड वाशांवर बसवायचं, त्याची कुसळं अंगभर टोचायची. एका लग्नात पंगतीत भाऊजी एवढे खाजवत होते की दोन्ही बाजूंची पानं सरकली आणि गावात खरजेची बातमी झाली. पण कामात त्यांनी कसूर ठेवली नाही. प्रत्येक फळी दोन्ही बाजूंनी माखली, प्रत्येक स्क्रूचं भोक आतून बुजवलं. डेक बसवला, वाजवला, एका कोपऱ्यातला आवाज आवडला नाही म्हणून उचकटून पुन्हा बसवला. असं दोनदा झालं. पाऊस येत नव्हता, त्यामुळे घाईही नव्हती. त्यांना हवं होतं ते एकच, आणि ते घरात सगळ्यांना माहीत होतं: तिने त्या डेकवर एकदा पाय ठेवावा.

शेवटी एका दुपारी ताटावर बसून त्यांनी ठराव मांडला, की मंडळींनी एकदा बोटीत येऊन बघावं. जाऊ भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी करपली तरी अनुमोदन आलं नाही. भाऊजी खाली मान घालून जेवले आणि उठून गेले. त्यानंतर त्या घरात ठराव झाला नाही.

त्या हिवाळ्यात जाऊ आजारी पडली. छातीचं दुखणं होतं, अंथरुणातून उठवत नव्हतं. एके दिवशी सकाळी ऊन अंगणात आल्यावर ती भिंतीच्या आधाराने बाहेर आली आणि मला म्हणाली, "आक्का, हात द्या." मी खाट बोटीला लावली. खाटेवर चढून ती अनवाणी आत उतरली. भाऊजी हातातलं काम टाकून उभे राहिले. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, एक पाय ओढत, आणि मधोमध येऊन थांबली.

"त्या दिशी बी कळलंतं मला," ती म्हणाली. "काठावरच. पाय ठिवला आन् मऊ लागलं. भिजल्या भाकरीगत."

भाऊजींना आधी समजलंच नाही. मग ते म्हणाले, "आन् बोलली कावून न्हाईस?"

"गावासमोर तुमी सही केलती. सगळ्यानी हात वर केलते. मी येकली म्हनू व्हय, खोटं हाय म्हून?"

त्या दिवशी काठावर मी तिच्या मागेच उभी होते. बोटीत पाय ठेवून ती क्षणभर थांबली होती, हे मला आठवतं. मला वक्तशीरपणाचा अभिमान. मी घड्याळ बघून तिला म्हटलं होतं, चल, लोक खोळंबलेत. हे मी भाऊजींना कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगते आहे.

भाऊजी वाळूच्या पोत्यावर बसले. "येकली तरी बोलायचं हुतंस," ते म्हणाले, पुन्हा पुन्हा तेवढंच. ती वरून त्यांच्याकडे बघत राहिली. एवढं सौम्य बघणं मी तिच्या डोळ्यांत आधी पाहिलं नव्हतं. "आता बोलते की," ती म्हणाली. "हे घट्ट हाय."

संक्रांतीच्या आठ दिवस आधी ती गेली.

धरणात पाणी आलं ते त्याच्या पुढच्या साली. सोसायटीने बोट नेली. भाऊजींनी सचिवपद सोडलं होतं, तरी बाजाराच्या दिवशी ते काठावर हजर असत. गुडघाभर पाण्यात उभे राहून बोटीची कड दोन्ही हातांनी धरत, आणि चढलेल्या प्रत्येकाला विचारत की पायाला काय लागतंय. म्हातारी असो, लेकरू असो, जावई असो. उत्तर मिळाल्याशिवाय बोट सुटत नसे. लोक आधी हसले, मग त्यांना सवय झाली. नव्या सुना तर खाली बघून खरंच नीट विचार करून सांगत, आणि भाऊजी तेवढा वेळ थांबत.

एकदा मी पलीकडे निघाले होते, जाऊच्या भावाच्या घरी. भाऊजींनी मलाही विचारलं. मी पाय दाबून बघितला आणि म्हटलं, कोरडं आहे, घट्ट आहे. मग मीच त्यांना म्हटलं, "तुम्हीही चला ना. एवढी बोट केलीत, एकदाही बसला नाहीत."

ते पलीकडच्या काठाकडे बघत होते. त्या दिवशी हवा स्वच्छ होती, तिच्या माहेरची चिंच इथून दिसत होती.

"जावई येकलाच जातो व्हय सासुरवाडीला?" ते म्हणाले, आणि बोट हलकेच पाण्यात लोटली.