आतून लावलेली कडी

मला त्या गाडीची किळस यायची, आणि हे मी पहिल्याच दिवशी मुलाला तोंडावर सांगितलं होतं. रियाधला त्याच्या बिल्डिंगखाली ती उभी होती, पांढरी, लांबलचक, पोटात पलंग, शेगडी, बेसिन आणि संडास घेऊन. मुलाच्या ऑफिसातल्या एकाला ती मोटरहोम विकायची होती. थंडीत वापरून बघा, आवडली तर घ्या, असं त्यांचं बोलणं झालेलं. आमच्या ह्यांना ती बघताक्षणीच आवडली. उभं आयुष्य या मुलखात नोकरी केली, आता रिटायर झाल्यावर दर थंडीत मुलाकडे व्हिजिटवर यायचं, तर आपल्या गाडीतून दोस्तांना, नातेवाइकांना भेटत फिरू, कोणाला ओझं नको, असं त्यांचं म्हणणं. मुलगा म्हणाला, "अब्बांचं ठीक आहे. पण अम्मी हो म्हणाली तरच घेईन."

म्हणजे सगळं माझ्या शब्दावर. आणि माझा शब्द ठरलेला होता.

तरी मी निघाले, कारण मला खफजी बघायचं होतं. लग्न झाल्यापासून हे खफजीला कंपनीच्या कॅम्पात, आणि मी रत्नागिरीकडच्या आमच्या गावात. फोनवर सांगायचे, झकास खोली आहे, एसी आहे, बाथरूम एकदम साफ. ती खोली मी मनातल्या मनात इतक्यांदा झाडलीपुसली होती की तिचे कोपरेसुद्धा मला पाठ होते. दाखवा म्हटलं की ह्यांचं एकच उत्तर, "काय आहे तिथे बघण्यासारखं?" या खेपेला मी अट घातली. खफजी दाखवाल तर गाडीत बसते.

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेला वास असतो. गादीत आधीच्या मालकाच्या हुक्क्याचा वास मुरलेला. बेसिनच्या भोकात कोणाचे तरी केस. शेगडीपासून हात लांब केला की संडासाचं दार. अंडं फोडायचं इथे आणि बाकीचं सगळं तिथे. संडासाखाली एक टाकी, तिच्यात निळं औषध ओतायचं, म्हणजे वास येत नाही म्हणे. येतो. गोड येतो, म्हणून जास्तच शिसारी येते. घाणीने घाणीसारखा वास द्यावा, अत्तर लावून बसू नये.

ह्यांना त्याचं काही नाही. आत जायचे, खट्कन कडी लावायचे आणि मोबाइलवर बातम्या वाचत बसायचे. गुणगुणायचेसुद्धा. आमच्या गावच्या घरी हा माणूस संडासात गेला कधी आणि आला कधी, कळायचं नाही. मुलाच्या फ्लॅटवर नातवाने दाराला नुसता हात लावला तरी बाहेर. आणि इथे, गुडघे दाराला टेकतील एवढ्या जागेत बसले की उठायचं नाव नाही. मग मी पळीने दार वाजवायचे. "यल्ला, अहो, यल्ला!" चला, आटपा, अशा अर्थाचा हा अरबी शब्द मी नातवंडांकडून उचललेला. दार वाजलं की हे लगेच बाहेर, सदऱ्याची बटणं अर्धवट, तोंड उतरलेलं. मला हसू यायचं.

पहिला मुक्काम बुरैदाला, माझ्या चुलत बहिणीकडे. तिचा नवरा खजुराच्या बाजारात कामाला आहे. दारात गाडी लावून आम्ही तिच्यातच झोपणार म्हटल्यावर ती रुसली. "आपा, घर असताना गाडीत झोपणार? लोक म्हणतील, बहिणीला दारात ठेवलीन." मला ते पटत होतं, पण ह्यांचा हट्ट.

मुलाने सांगितलं होतं, टाकी आठवडाभर भरत नाही. ते कागद वापरणाऱ्यांचं गणित. आम्ही पाण्याची माणसं. त्या एवढ्याशा संडासात आम्ही बादली आणि टमरेल ठेवलं होतं, आणि दर वेळी बिनधास्त पाणी ओतत होतो. दुसऱ्याच दिवशी दुपारी बहीण आणि तिची मुलगी गाडी बघायला आत आल्या. मी चहा टाकला. मुलगी संडासात गेली आणि किंचाळत बाहेर आली. "मम्मी, इट्स कमिंग अप!" तिच्या मागोमाग ते आलंच. निळं, पिवळं, गढूळ पाणी उंबऱ्याच्या पट्टीवरून खाली उतरलं, चटईवर पसरलं, आणि बहिणीने प्रेमाने दिलेल्या खजुराच्या उघड्या खोक्यापाशी जाऊन थांबलं. मी अंगणाच्या मागच्या भिंतीशी जाऊन ओकले.

आमच्या ह्यांनी मात्र बाह्या सरसावल्या. बहिणीच्या नवऱ्याला चेंबरचं झाकण उघडायला लावलं, पाइप जोडला, टाकी रिकामी केली, मग गुडघ्यावर बसून सगळी फरशी घासून काढली. नाकावर एक आठी नाही. घरात या माणसाने कधी जेवलेलं ताट उचललेलं नाही.

"तुम्हाला किळस कशी येत नाही हो?"

"सवय," ते म्हणाले.

"कसली सवय?"

ते पाइप गुंडाळत राहिले. बहीण माझ्या कानाशी म्हणाली, "ही गाडी नको गो घेऊ, आपा."

"कोण घेतंय?" मी म्हटलं.

तिथून खफजी दूर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळू, थंडीत हौसेने तंबू ठोकून बसलेली माणसं, आणि गाडीत तो गोड वास. खफजीला ह्यांचा जुना सोबती भेटला, रायगडकडचा, बरीच वर्षं एका खोलीत राहिलेला. तो अजून तिथेच कॅम्पचा स्वयंपाकी आहे. ह्यांनी गाडी फाटकाबाहेरच थांबवली. "तू जा त्याच्याबरोबर. मी टायरची हवा बघतो," म्हणाले. टायरला काही झालेलं नव्हतं.

खोलीत एकावर एक खाटा. खिडकीला ऊन अडवायला चिकटवलेला चंदेरी कागद. एसी होता, तेवढं खरं.

"आणि बाथरूम?" मी विचारलं.

"ते नको, भाभी."

मी गेलेच. खोल्यांच्या रांगेच्या टोकाला पत्र्याचं एक खोपट. जमीन काळी, चिकट, भिंतीला पिवळे ओघळ, आणि असा उग्र वास की डोळ्यांतून पाणी आलं. दाराला आतून कडी नव्हती, नुसतं भोक, त्यात सुतळीचा तुकडा. बाहेरून पत्र्याला मुठीच्या उंचीवर पोचे.

"सकाळी बसच्या आधी लाइन लागते," तो सांगू लागला. "आत माणूस बसला न बसला की मागचे दार ठोकतात, यल्ला, यल्ला. कडी बसवली तरी टिकत नाही. तुमचा हा लाजाळू, सुतळी हाताला गुंडाळून बसायचा. कितीदा तसाच उठला आणि दिवसभर साइटवर पोट धरून राहिला. जुम्याच्या सुट्टीला सगळे झोपलेले असले की एकटाच धुऊन काढायचा. बाकी कोणी हात लावत नव्हतं."

मला किळस आली. त्या जागेची आली, माणसांना असं ठेवणाऱ्यांची आली, आणि त्या झकास शब्दाची तर फारच आली. पण मी ओढणी नाकाला लावली नाही. तो बिचारा अजून तेच वापरतो.

मी गाडीत येऊन बसले.

"बघितलंस?"

"बघितलं."

"एसी होता की नाही?"

"होता," मी म्हटलं.

परतीच्या वाटेवर एका पेट्रोल पंपावर थांबलो. मी बेसिनपाशी भांडी विसळत होते. हे आत गेले, खट्कन कडी लागली. तेवढ्यात मुलाचा फोन. "अम्मी, तो माणूस विचारतोय. काय सांगू?"

मला चहा नडला होता, आत जायची घाई होती, आणि पळी हातात होती. आतून गुणगुणणं ऐकू येत होतं.

"घे," मी म्हटलं.

"पण तुला तर वास..."

"वास आहेच. घे तू."

पळी बेसिनमध्ये ठेवून मी खाली उतरले. या देशातल्या हमरस्त्यावरच्या पंपांचे संडास ज्याने बघितले आहेत त्याला वेगळं सांगायला नको. मी अबायाचा घोळ गुडघ्यापर्यंत उचलला, तोंडाने श्वास घेतला आणि पाण्यातून पाय टाकत आत गेले. दाराला कडी नव्हती. मी एका हाताने ते ओढून धरलं आणि बसले.