नानीबाईनं न घेतलेलं नाव

डोंगरकड्याजवळच्या तांड्यात नानीबाईबद्दल एक गोष्ट फिरून राहिलीय. पोटचं पोरगं जाऊन दोन महिने झाले न्हाईत, तर ही बया गाडीत बसून बहिणीकडं गेली, तीन वाट्या लापशी हाणली आन् पोराचं नावसुद्धा काढलं न्हाई. सांगणारी बाई सांगताना अशी मिटक्या मारते, की लापशी तिनंच खाल्ली वाटावं.

त्यात खरं एवढंच, की गाडी होती आणि लापशी होती. वाटी एकच होती. बाकीचं पुजाला माहीत आहे. मागच्या सीटवर तीच बसली होती आणि हे लिहून राहिलीय तीही तीच.

पुजा नानीबाईची नात, सोळा वर्षांची. सरपंचापासून बसच्या कंडक्टरपर्यंत कुणाचाही आवाज काढते. काका अमरसिंगचा तर हुबेहूब. त्याचा आवाजच बाईसारखा बारीक, नाकातला. दिवाळीच्या तोंडावर विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून अमरसिंग गेला. त्याच आठवड्यात नानीबाईची थोरली बहीण भिकाबाई छातीच्या ऑपरेशनसाठी नांदेडला पडून होती. तिला कुणी सांगितलं नाही. सांगणार कोण? अमरसिंग जन्मला तेव्हा नानीबाई तापानं फणफणलेली; सहा महिने त्याला भिकाबाईनंच पाजलं होतं, आपल्या वसरामच्या बराबर.

आता भिकाबाई साखऱ्याच्या तांड्यावर घरी आली आणि रोज एकच धोशा, नानीला बोलवा. शेवटी वसरामचा फोन आला. "मावशी, ये. पण अमरचं काही बोलू नको. डॉक्टर म्हणला, धक्का बसला तर आई हाती लागायची न्हाई."

खरी तकलीफ पुढंच होती. तांड्यातल्या बहिणी बऱ्याच दिवसांनी भेटल्या की आधी एकमेकींच्या गळ्यात पडून चालीवर रडतात आणि मागच्या भेटीपासून कोण कोण गेलं ते त्या रडण्यातच सांगतात. रडली नाही तर बहीण कसली?

कळमनुरी मागं पडली तशी पुजा म्हणाली, "आजे, तुला जमायचं न्हाई. रडाया लागलीस की काकाचं नाव येणारच."

"न्हाई येत."

"लाव पैज. परत तांड्यावर येईस्तोवर नाव न्हाई निघालं, तर तू म्हणशील ते करीन."

गाडी चालवणारा तिचा बाप प्रेमदास आरशातून खेकसला, "पुजे, थोबाड बंद कर." भाऊ त्याचा होता.

"लावली," नानीबाई म्हणाली.

साखऱ्याला भिकाबाई उंबऱ्यातच उभी होती, निम्मी झालेली. दोघी गळ्यात पडल्या. नानीबाईनं सूर लावला. शेजारची म्हातारी गेली गं, दीर गेला गं, तांबडी गाय गेली गं. एकेक नाव घेत ती पोराच्या जागेवर आली आणि सूर तुटला. पुजानं ओठ चावले. मग सूर पुन्हा वर चढला, आमचा शिंगमोड्या बैल गेला गं!

भिकाबाईनं रडं थांबवून तिच्याकडं बघितलं. "अगं, त्या बैलाचं तर मागंच रडलो न्हवं आपण?"

"जीव लावला होता," नानीबाई म्हणाली आणि डोळे पुसले.

"आन् अमर काहून न्हाई आला?"

"लांब गेलाय कामाला."

भिकाबाईनं जीव वाचला म्हणून लापशी केली होती. माणूस गेलेल्या घरात वर्षभर गोड तोंडाला लावत नाहीत. नको म्हटलं असतं तर भिकाबाईनं तिथंच ओळखलं असतं. नानीबाईनं घासागणिक पाणी पीत वाटी संपवली. "आणखी वाढू?" "पोट भरलं, बाई."

निघताना भिकाबाईनं लापशीचा डबा दिला. "ही अमरला. आन् फोन करायला सांग मेल्याला. किती दिस झाले, आवाज न्हाई ऐकला."

सेनगावच्या पुढं नानीबाईनं गाडी थांबवायला लावली.

"पैजेचं काय झालं?"

"तांडा लांब हाय अजून," पुजा म्हणाली.

"तांड्यावर कोण हाय मला नाव घ्यायला लावणारं? लाव वसरामला फोन. त्याच्या आवाजात बोल."

"याडी, पाप लागंल," प्रेमदास म्हणाला. आईला तांड्यात याडी म्हणतात.

"मला लागू दे."

पुजानं वसरामला आधी सगळं सांगितलं, मग त्यानं फोन आईच्या कानाला लावला. पुजानं नाकातून, बारीक सूर काढला. "मोठी याडी, मी बोलून राहिलो. डब्याचं याडीनं सांगितलं मला. आता तुजी तब्येत बराबर हाय न्हवं?"

"हाय रे माझ्या लेकरा. मी हाय तवर येऊन जा."

"येतो," पुजा त्याच आवाजात म्हणाली. मग फोन ठेवला. प्रेमदास खाली उतरून रस्त्याकडं पाठ करून उभा राहिला.

पुढं कळमनुरी आली, गेली. मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी धरून नानीबाई बाहेर बघत होती. तांड्याचा फाटा दिसायला लागला तशी म्हणाली, "पुजे, एकदा मला हाक मार. त्याच्या आवाजात."

"आजे, नको."

"मार म्हणते ना."

"याडी," पुजा म्हणाली.

नानीबाईचं तोंड उघडलं. ओठांवर नाव आलेलं पुजाला दिसलं, अगदी दिसलं. तिला वाटलं, आता येऊ दे, हरू दे म्हातारीला एकदाची.

"हं," नानीबाई म्हणाली. "ऐकून राहिले. बोल."

बोलायला पुजाला आवाज उरला नाही, ना काकाचा, ना स्वतःचा. गाडी तांड्यात शिरली. पैज पुजा हरली.