ग्वाडलजाराची गाडी

दुपारी जेवण झालं की मी डाव्या कुशीवर जरा पडते. झोप म्हणावी तर शेजारच्यांचा मिक्सर ऐकू येत असतो, आणि जाग म्हणावी तर हात उचलत नाही. आज त्या मिक्सरच्या घरघरीतच कुणीतरी खाकरतं. डोळे न उघडताच मला कळतं, हे आलेत.

पलंगाच्या कडेला बसलेत. अंगात विटकरी स्वेटर, मांडीवर शाळेतला भलामोठा नकाशा. चैत्रात गेलेला माणूस आश्विनात परत येतो आणि पहिलं वाक्य काय बोलतो?

"अगं, ग्वाडलजाराची तयारी झाली का?"

"ग्वादालाहारा," मी म्हणते. "केतकीनं शंभरदा सांगितलं तुम्हाला."

"लिहिलंय तसं वाचायचं. 'ज'ला 'ह' म्हणायला मला काय वेड लागलंय?"

जन्मभर मराठी शिकवलं, त्यामुळे मेल्यावरही शुद्धलेखन सुटलेलं नाही. मेक्सिकोतलं ते मोठं शहर आमच्या लेकीचं. कार्तिकात तिचं बाळंतपण. आम्ही दोघांनी जायचं ठरलं होतं, म्हणजे ह्यांनी ठरवलं होतं. विमान कुठे बदलायचं, उतरल्यावर कुठल्या दाराने बाहेर पडायचं, कुठला बाजार आधी बघायचा, सगळं ह्यांच्या डोक्यात. ते डोकं घेऊन हे निघून गेले. आता केतकी रोज फोनवर विचारते, आई, एकच तिकीट काढू का? मी रोज म्हणते, बघू. नाशिकहून मुंबईलासुद्धा मी कधी एकटी गेलेली नाही.

"मला काही सांगून ठेवायचं होतंत," मी म्हणते. माझा आवाज चढतो.

"तू विचारलं नाहीस."

"तुम्ही विचारू देत होतात?"

ते नकाशाची घडी घालायला लागतात. घडी काही बसत नाही. एक टोक मी ओढते, एक ते ओढतात, आणि आम्ही एसटी स्टँडच्या बाकावर बसलेले आहोत. स्टँड नाशिकचाच, तीच पानाच्या पिचकाऱ्यांची भिंत. फक्त फलाटाला लागलेल्या लाल गाड्यांना पंख आहेत आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. कणीसवाली भाजलेल्या कणसावर लिंबू चोळते आणि वर चीज किसते.

"बघ, तिकडे असंच खातात," हे खूश होऊन सांगतात. "मी वाचलं होतं."

"कणीस राहू द्या. गाडी कुठली ते विचारा."

खिडकीत दोन वेण्यांची मुलगी आहे. हे वाकून म्हणतात, "दोन ग्वाडलजारा."

"ह्या नावाच्या गावाला गाडी नाही, काका."

"नाही कशी? लागेल की!" आणि परत बाकावर जाऊन बसतात. हाताची घडी, तोंडावर तो परीक्षेच्या हॉलमधला शांतपणा. मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. एक अक्षर, अहो, एका अक्षराचा प्रश्न आहे!

मी खिडकीशी जाते. "ग्वादालाहारा."

"ही काय, लागलेलीच आहे. चढा. सोबत कोण?"

"हे."

"हे म्हणजे? नाव सांगा."

"केतकीचे बाबा."

"नाव, काकू."

लग्नाला चाळीसेक वर्षं झाली. ह्यांचं नाव मी उखाण्याबाहेर घेतलेलं नाही. म्हटलं, उखाणाच घालावा. पण ग्वादालाहाराला जुळवायला 'वारा' आणि 'पसारा' सोडून काही सुचत नाही, आणि मागची रांग मला ढकलते आहे. मी गाडीच्या पायरीवर आहे. इंजिन सुरू झालंय.

"अहो!" मी ओरडते. स्टँडवरचे सगळे पुरुष वळून बघतात. आपापली बायको हाक मारते आहे असंच प्रत्येकाला वाटतं. फक्त हे वळत नाहीत.

"अहो, चला ना!"

न वळताच ते हात हलवतात. "तू हो पुढे. मी आलोच."

माझ्या अंगाचा तिळपापड होतो. लग्नकार्यात, देवळात, दवाखान्यात, जन्मभर हेच. तू हो पुढे. मी पुढे होऊन चपला घालून फाटकाशी उभी राहायची, आणि हे कुणाशी तरी गप्पा मारत मागे. आणि एकदाच, एकदाच माझ्या आधी निघाले, तेव्हा 'येतो' एवढंही म्हणाले नाहीत. मला इतका राग आहे तुमचा, मला म्हणायचं असतं, इतकी आठवण येते. गाडी हलते.

"त्र्यंबक!"

ते वळतात. कान लाल झालेत.

"उखाण्याशिवाय?" ते म्हणतात.

"उठा! ही गाडी जाते आहे!"

ते माझ्याकडे नीट बघतात, माझ्या हातातल्या पिशवीकडे बघतात. मग अगदी हळू, वर्गात अवघड शब्द फोडून सांगायचे तसं म्हणतात, "ग्वादा-ला-हारा."

बरोबर म्हणतात. पण बाकावरून उठत नाहीत.

बेल वाजते आहे. दारात शेजारची मृणाल, हात पिठाचे. दोनच महिने झाले तिला इथे येऊन. "काकू, बऱ्या आहात ना? त्र्यंबक म्हणून कुणाला एवढ्या हाका मारत होतात?"

"माझे मिस्टर," म्हणायला जाते तर आवाजच फुटत नाही. घसा पार बसलाय, गिळताना दुखतोय. ती गरम पाणी आणून देते, मी ते पिते आणि फोन घेते. तिकडे उजाडायचं आहे, पण केतकीला हल्ली झोप लागत नाही.

"आई? आवाजाला काय झालं तुझ्या?"

"तुझ्या बाबांना हाक मारत होते."

ती विचारते, "आले?"

"नाही गं," मी म्हणते. "ते नाही येत. एकच काढ."