सत्त्याऐंशीची मशिनं

चंद्रप्रभाबाईंच्या ऑफिसात मशिनांना कंपनीच्या नावानं कुणी ओळखत नसे. सत्त्याऐंशीची, नव्वदची, त्र्याण्णवची. ज्या वर्षीच्या टेंडरात आली, ते वर्ष हेच त्यांचं नाव. दर टेंडरला सगळ्यात कमी बोली लावणारा वेगळा, म्हणून मशिनाच्या पोटातला प्रोसेसरही वेगळा. एकाला कळतं ते दुसऱ्याला कळत नाही. एकेक नमुना ऑफिसात ठेवून ही तिन्ही पोरं जिल्ह्याजिल्ह्यांतल्या रोजगार कार्यालयांत वाटून टाकलेली, आणि नोकरीसाठी नाव नोंदवलेल्यांच्या ज्येष्ठता याद्या त्यांच्यात भरलेल्या. नियम बदलला की तोच प्रोग्राम तीनदा लिहायचा. लिहायचा कुणी? दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी इमारतीत चौथ्या मजल्यावर बसणाऱ्या चंद्रप्रभाबाईंनी.

बाईंचं पद डेटा एन्ट्री ऑपरेटरचं, आणि बारा वर्षं तेच. डिग्री नाही, म्हणून वर सरकायची वाट बंद. प्रोग्रामिंग त्या शिकल्या दरियागंजच्या रविवारच्या बाजारातून आणलेल्या, मधली पानं गळालेल्या पुस्तकावरून. गळालेल्या पानांवरचं डोकं लढवून भरून काढलं. डिग्रीवाले साहेब कुठे अडले की गुपचूप जिने चढून यायचे, आणि उतरताना अक्कल आपलीच असल्यासारखे उतरायचे.

तीनदा लिहून लिहून बाईंचा जीव मेटाकुटीला आला, तेव्हा त्यांनी वेगळंच काम अंगावर घेतलं. ऑफिसात युनिक्सवर चालणारं एक थोराड मशीन होतं. एका ओळखीच्या प्राध्यापकांकडून फुकट वाटला जाणारा कंपायलर टेपवर मिळाला. माणसानं लिहिलेला प्रोग्राम मशिनाच्या आकड्यांत उतरवणारं हे हत्यार. बाईंनी त्याला तिन्ही प्रोसेसरांची बोली शिकवायला घेतली. प्रोग्राम एकदाच लिहायचा, कंपायलरनं तो हव्या त्या मशिनासाठी उतरवायचा, आणि पुढची सुटे भाग जोडणारी हत्यारंही प्रत्येकाची वेगळी घडवायची. दोन वर्षं गेली त्यात. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही.

चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये नवे संचालक आले. गुडगावच्या काचेच्या इमारतीतल्या एका कंपनीनं त्यांना रंगीत चित्रं दाखवली, आणि साहेबांच्या मनानं घेतलं की सत्त्याऐंशीची मशिनं भंगारात काढायची. त्यांतल्या याद्या? लोकांनी नव्यानं नाव नोंदवावं. म्हणजे नोंदणीची तारीखही नवी, आणि पंधरा वर्षं थांबलेला माणूस रांगेच्या शेवटी. अकोल्यात बाईंनी स्वतः याच रांगेत सात वर्षं काढून ही नोकरी मिळवली होती. त्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या आणि कंपायलरचं सांगितलं. साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "पंद्रह अप्रैल की मीटिंग में तीनों मशीनें एक जैसी लिस्ट दिखा दें, तो रख लेंगे."

नव्वदची आणि त्र्याण्णवची लगेच बोलू लागली. सत्त्याऐंशीचं मात्र नोंदणीच्या तारखा भलत्याच छापायचं. कारण बाईंना ठाऊक होतं: आकडा साठवताना हे मशीन त्याचं मोठं टोक आधी ठेवतं, बाकीची दोन धाकटं टोक आधी, म्हणून एकाचा आकडा दुसऱ्याला उलटा दिसतो. सोमवारी, अकरा एप्रिलला, त्यांनी दुरुस्ती केली, कंपायलर नव्यानं बांधायला लावला आणि मयूर विहारची चार्टर्ड बस पकडली. बांधकामाला रात्र लागे. सकाळी बघतात तर तारखा तशाच. मंगळवारी दुसरी युक्ती. बुधवारी सकाळी पुन्हा तेच. आपल्याला खरंच येतं का काही, असं बारा वर्षांत पहिल्यांदा वाटलं. डिग्री नाही ती नाहीच.

त्यात दुपारी लाइट गेली. युनिक्सच्या मशिनाची आतली बॅटरी मेलेली, नव्या बॅटरीची मागणी आठ महिने कुठल्याशा फाइलीत झोपलेली. त्यामुळे लाइट आली की तारीख-वेळ हातानं द्यावी लागे. शेजारच्या टेबलावरचा वर्ध्याचा सुधाकर ती द्यायला बसला आणि कुरकुरला.

"ताई, हे आज तारीख घेतच नाही. तेरा-शून्य-चार. गेल्या शुक्रवारी लाइट गेली तेव्हा आठ-शून्य-चार गपगुमान घेतलं होतं."

बाईंनी चष्मा काढला. "आधी दिवस दिलास?"

"मग? तारखेत दिवसच आधी असतो ना."

युनिक्सला महिना आधी लागतो. तेरावा महिना नसतो म्हणून ते आज अडलं. शुक्रवारच्या आठ एप्रिलचा मात्र त्यानं चार ऑगस्ट करून घेतला होता. त्याच दुपारी बाईंनी सत्त्याऐंशीचा कंपायलर पहिल्यापासून बांधायला लावला होता. त्याच्या तुकड्यातुकड्यावर ऑगस्टचा शिक्का. सोमवारी आल्या आल्या बाईंनी सवयीनं तारीख बरोबर केली, मागचं बघितलं नाही. आणि बांधकाम करणारा प्रोग्राम साधा हिशेबी: दुरुस्ती तुकड्यापेक्षा नवी असेल तरच तुकडा पुन्हा घडवायचा. एप्रिलची दुरुस्ती त्याला ऑगस्टपेक्षा जुनी दिसली. त्यानं हातच लावला नाही. बाईंचं दोन दिवसांचं काम कंपायलरमध्ये शिरलंच नव्हतं.

सुधाकर शिव्या खायच्या तयारीनं उभा राहिला. बाईंना रागवायचंही त्राण नव्हतं. त्यांनी त्याला चहा आणायला पाठवलं, ऑगस्टचे सगळे तुकडे पुसले, वहीत पेन्सिलीनं टिपलेली सोमवारची दुरुस्ती परत घातली आणि बांधकाम लावलं.

दुसऱ्या दिवशी चौदा एप्रिल, सुट्टी. दरवर्षी त्या पांढरी साडी नेसून नवऱ्याबरोबर आणि मुलीबरोबर जयंतीच्या सभेला जात. नवरा, विश्वास, दारात म्हणाला, "आजच्या दिवशीही ऑफिस?"

"त्या याद्यांत कोण आहेत, माहीत आहे ना तुला?"

तो मुलीला घेऊन सभेला गेला.

रिकाम्या इमारतीत बाईंनी सत्त्याऐंशीचं मशीन सुरू केलं, रात्री बांधलेल्या कंपायलरमधून उतरवलेला प्रोग्राम त्यात घातला. यादी सरकली. पहिलं नाव, नोंदणी अकरा जून एकोणऐंशी. बरोबर. म्हणजे सोमवारचंच खरं होतं. पांढरी साडी नेसलेल्या बाई खुर्चीत बसल्या बसल्याच पेंगल्या.

पंधराला तिन्ही मशिनांवर एकच यादी निघाली. भंगाराचा प्रस्ताव मागे पडला, याद्या जुन्या तारखांसह राहिल्या. मीटिंगच्या नोंदीत 'संगणक विभागाचे प्रयत्न' असं लिहिलं गेलं. बाईंचं नाव लिहायला जागा कुठे होती? दाराशी साहेबांनी त्यांना थांबवलं. नवं टेंडर निघतंय, या वेळी चौथ्याच जातीची मशिनं येणार.

"मैडम, उसके लिए भी बना लेंगी न?"

"बना लूँगी," बाई म्हणाल्या. "पहले बैटरी दिलवा दीजिए."