चाकावरचे चंदेरी ठिपके

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आज पहिल्यांदाच हे खिडकीपाशी रंग घेऊन बसले. समोर तळहातावर मावेल एवढी मोटार, हुबेहूब खरीसारखी. मागे एकदा तिच्या चाकांवर रंग फिसकटला, तेव्हा "संपला आपला छंद" म्हणत यांनीच ती कपाटात ठेवून दिली होती.

चाक शर्टाच्या बटणाएवढं. त्यावरच्या मोहरीहून लहान नटांवर हे टूथपिकच्या टोकानं चंदेरी ठिपके देत होते.

"अहो, चहा गार होतोय."

"थांब, श्वाससुद्धा घेऊ नकोस."

मी खरंच श्वास रोखला. शेवटचा ठिपका नेमका बसला आणि चाक उन्हात लखलखलं. नजर परत आली की माणूस आधी लांबचे डोंगर बघेल, असं मला वाटायचं. हे मात्र घरातल्या सगळ्यात लहान वस्तूकडे धावले. आनंदाला बहुधा एवढीशीच जागा पुरत असावी.

"इतक्या बारीक नटांकडे कोण बघणार आहे?" मी विचारलं.

"मी बघतोय ना!"

त्यांनी मान वर केली आणि मला निरखून पाहिलं.

"तुझ्या हनुवटीला पीठ लागलंय गं."

मी ते बराच वेळ पुसलं नाही.