ताईच्या पोटाचं केळवण

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोरिवलीच्या कंपनीत, पॅकिंगच्या शेडमध्ये होतो. सकाळचे साडेदहा वाजले असतील. तिच्या गाळ्यात शिवणकाम करणारी बाई रडत म्हणाली, "भाऊ, ताई मशीनवर बसल्या बसल्याच..." पुढचं मी ऐकलं नाही. समोर लोखंडी कपाट होतं, त्यावर बुक्की हाणली. मग दुसरी. तिसरीला करंगळीखालचं हाड मोडलं आणि दोघांनी मागून आवळून धरलं तेव्हा थांबलो. प्लास्टर परवाच निघालं. आमच्या घरात दुःख असंच बाहेर पडतं, त्याला दुसरी वाट माहीत नाही.

मंदाताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा बदलापूरच्या पलीकडच्या गावातून मावशी आली आणि आम्हाला घेऊन गेली. शाळेत पोरं जाडेपणावरून ताईला 'ढोली' म्हणायची. त्यातल्या एकाचा पुढचा दात तिने पाटीने पाडला, मावशीने तिला चिंचेच्या फोकाने झोडपलं, आणि ती तोंडातून चकार शब्द न काढता उभी राहिली. पुढे तिने उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवायचा गाळा काढला. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "मला झेलणारा पैदा व्हायचाय अजून." एकदा गाळ्यासमोर एक रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, दुसरी रिक्षा देखो, मेरा स्प्रिंग जाएगा." ताईने त्याला कॉलर धरून बाहेर ओढला, एक ठेवून दिली आणि त्याच रिक्षात जाऊन बसली. तो निमूट घेऊन गेला. ही गोष्ट गाळ्यातल्या बायका हसत हसत सांगतात. घरी आल्यावर ताई न्हाणीघरात अर्धा तास नळ सोडून बसली होती, हे मात्र फक्त मला ठाऊक आहे.

चाळिशी ओलांडली आणि शरीराने सगळा हिशोब एकदम मागितला. साखर इतकी की दिवसातून तीनदा इन्सुलिन. ब्लडप्रेशर. झोपेत श्वास अडकायचा म्हणून तोंडावर मास्क लावून झोपायचं. मग पाय सुजायला लागले आणि हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय दमलंय, एकशे अडतीस किलो ते आता फार काळ ओढणार नाही. वजन कमी करायचं ऑपरेशन हा मार्ग आहे, पण त्याआधी साखर, हृदय, श्वास, सगळं ताब्यात आणावं लागेल.

ताईने मला गाळ्यात बोलावून हे सांगितलं. आणि मी, शहाण्याने, काय म्हणावं? "तोंड आवर की थोडं. त्यासाठी पोट कशाला कापायचं?" ती कापड बेतत होती. हातातली कात्री तिने सरळ माझ्या अंगावर भिरकावली. कानाजवळून गेली आणि दाराच्या चौकटीत रुतली. "हौस म्हणून चाललेय काय रे मी, गाढवा? मला जगायचंय!" असं ती ओरडली आणि सहाच्या सहा मशीन थांबल्या. तिला जगायचं होतं. इतकं साधं होतं ते.

त्यानंतरचे आठ महिने मी तिच्याबरोबर दवाखाने फिरलो. मारामारी करणारी ही बाई बोटाला सुई टोचून रोज साखर वहीत लिहायची. भात सोडला, गोड सोडलं. साखरेच्या डॉक्टरांनी होकार दिला, श्वासाच्यांनी दिला, शेवटी हृदयाच्यांनीही मान डोलावली. तारीख मिळाली. फक्त शेवटचे दोन आठवडे पातळ पदार्थांवर काढायचे होते. सूप, ताक, प्रोटीनची पावडर, बस्स. यकृतावरची सूज उतरली नाही तर पोटापर्यंत पोचता येत नाही, हे डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं. मीही ते चित्र पाहिलं होतं.

ऑपरेशनला पाच दिवस उरले असताना मावशी माझ्या चिखलोलीच्या घरी आली. "पोरीला पुढं जन्मभर वाटीवाटीनं खायाचंय. त्याच्या आधी एकदा पोटभर नको? लग्नाआधी केळवण करतात, मग याला का नाय?" आम्हाला ते पटलं. कुणालाच त्यात काही चुकीचं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी ताईला घरी बोलावलं. गावठी कोंबडीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, पुरणपोळ्या. ताटाभोवती रांगोळी. ताईने ताट बाजूला सारलं. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझं डोकं फिरलं. "म्हातारी पहाटेपासून चुलीशी आहे. एका दिवसाने काय आभाळ कोसळणार आहे का? खा!" असं म्हणून मी पुरणपोळी तिच्या ताटात आपटली, वर तूप ओतलं. ताईने माझ्याकडे पाहिलं... आणि ती खायला लागली. भराभरा, रागाने, दोन्ही हातांनी, रडत. "घ्या! वाढा! अजून वाढा!" आणि आम्ही खरोखरच वाढत राहिलो.

मग कॅम्प पाचमधल्या शेजारणी कशाला मागे राहतील? रोज एका घरी केळवण. बांध एकदा आम्हीच फोडला होता. दाखल व्हायच्या दिवशी साखर भडकलेली, पाय टम्म सुजलेले, फुप्फुसात पाणी. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी हात वर केले. "काय खाल्लंत?" त्यांनी विचारलं. जन्मात कुणाची भीड न ठेवणारी माझी बहीण म्हणाली, "मीच चोरून खात होते." डॉक्टरांनी तिला सगळ्यांदेखत झापलं. मी शेजारीच, फाईल धरून उभा होतो. मी तोंड उघडलं नाही. बाहेर आल्यावर तिने माझ्या थोबाडीत मारली. इतकी जोरात की वॉचमन धावत आला. मग माझ्याच खांद्याला धरून ती रिक्षापर्यंत चालली, कारण तिला दम लागला होता.

दोन महिन्यांनंतरची तारीख मिळाली. ताईने पुन्हा वही उघडली. बाविसाव्या दिवशी ती गेली. ऑपरेशन झालं असतं तर वाचली असती, असं कुणी छातीठोकपणे सांगत नाही. मला मात्र तसंच वाटतं.

गेल्या रविवारी मावशीकडे गेलो. तिने पाट मांडला, वाढलं. मी दोन भाकऱ्या खाऊन हात आखडला तर तिसरी ताटात पडली. "घे रं, किती वाळलास." मी ताट उचललं आणि समोरच्या भिंतीवर फेकून मारलं. कालवणाचे ओघळ खाली येऊ लागले. मावशी ओरडली नाही, रडली नाही. भिंतीकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी फेकायचं होतंस, पक्या. मी तुला काय बोलली नसती." मग फडकं घेऊन ती पुसायला बसली.